गिरणी बंद आहे

मोटर जळाली तेव्हा मी बिरादारांचे गहू ओतत होतो.
आधी वास आला, मग पट्टा सैल पडला,
मग सव्वीस वर्षांत सकाळी अकराला
कधी न घडलेली गोष्ट घडली.
मला माझाच खोकला ऐकू आला.

रिवाइंडिंगला लातूर. नऊ दिवस, मिस्त्री म्हणाला,
तांब्याची तार वेळेवर मिळाली तर.
पाटीवर खडूनं लिहिलं, गिरणी बंद आहे,
आणि तरीही रोज साडेआठला शटर वर करून
आत जाऊन बसू लागलो.
घरी बसून काय करतात
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दोन दिवस कानात गिरणी चालूच.
जेवताना. झोपेत.
महानंदा म्हणाली, हळू बोला, मी बहिरी नाही.
मला वाटत होतं मी हळूच बोलतोय.
इतकी वर्षं ‘मीठ दे’सुद्धा मी
फिरत्या पट्ट्यावरून पलीकडे फेकत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी आवाज खाली बसला,
हवेतलं पीठ बसतं तसा, दिसे न दिसे.
मग पत्र्यावर चिमणीचे पाय.
उर्दू शाळेची मधली सुट्टी.
ज्वारीच्या डब्यात सोंडा चालतो
त्यालाही आवाज असतो.
मी डब्याला कान लावला होता,
कुणी पाहिलं नाही हे बरं.

डब्यांवर ऑइलपेंटनं नावं.
सोपानराव मठपती वारून तीन वर्षं झाली,
डबा अजून त्यांच्याच नावानं येतो,
दर सोमवारी,
फक्त दीड किलो हलका.
मी दर सोमवारी तो तोलला,
कधी जाणवलं नाही.

कासीमबीला पाटी वाचता येत नाही.
“काय करलालाव मालक, अंधारात?”
काही नाही, म्हणालो.
“मग बसते जरा.”
बसली. ‘जाडं का बारीक’ यापलीकडे
आमचं कधी बोलणं झालेलं नव्हतं,
तेव्हाही झालं नाही.
उठताना म्हणाली,
“आवाज चांगलाय की तुमचा.”

सहाव्या दिवशी वरचा दगड उचलून उलटा केला.
तळहात फिरवला. गुळगुळीत,
दाढी केलेल्या गालासारखा.
असा दगड दळत नाही, नुसतं पीठ तापवतो.
बायका सांगून थकल्या,
भाकर थापताना चिरते म्हणून.
मी मान हलवायचो, म्हणजे
ऐकू न येणारा माणूस हलवतो तशी.

दगड फिरत असताना त्याला टाकी मारता येत नाही,
एवढीच गोष्ट आहे.
मोठी नाही.
अप्पांनी शिकवली होती,
मी विसरलो.

तीन दिवस टाकी मारत होतो.
पन्नाशीला चार महिने कमी, पाठ धरते,
चष्म्यावर दगडाची भुकटी.
टाक्. मग काही नाही. टाक्.
त्या मधल्या ‘काही नाही’मध्ये
सुरुवातीला मला हप्ते आठवायचे,
पोरीची फी, भावाशी झालेलं धुऱ्याचं भांडण.
नंतर तेही येईनात.
येईनात म्हणून एकदा घाबरलो.
मग पुढचा घाव घातला.

आठव्या दिवशी महानंदा डबा घेऊन आली.
दारातच उभं राहून काहीतरी पुटपुटली,
स्वतःशी, मला ऐकू जाणार नाही या खात्रीनं.
बरीच वर्षं ती असं बोलत असणार.
मी वर पाहिलं नाही.
काय म्हणाली ते इथं लिहिणार नाही.
संध्याकाळी तिच्या आईच्या गावाला
दोघांची तिकिटं काढली.

मोटर आली. पट्टा चढला.
आता पुन्हा तोच गडगडाट, तेच हातवारे,
तीच पांढरी भुवई.
फक्त दुपारी एक वाजता मी खटका खाली ओढतो.
पट्टा आणखी थोडा फिरत राहतो, सवयीनं,
मग थांबतो.
रांगेतलं कुणीतरी विचारतंच,
“लाईट गेली का?”

हाय की लाईट.
बसा.